जिवंत माणसांचे फोटो

खानदेशात छातीच्या एक्स-रेला कुणी एक्स-रे म्हणत नव्हतं, फोटो म्हणायचे. दवाखान्यात फोटो काढायचा, डॉक्टरांनी तो उजेडावर धरून बघायचा आणि बघून झाला की पेशंटच्या हातात द्यायचा, अशी रीत होती. दवाखान्याची कपाटं औषधांनाच पुरत नव्हती, फोटो कुठे ठेवणार? मग तो काळा फोटो पेशंटच्या घरी यायचा आणि मोठ्या मानानं नांदायचा. कुणी पत्र्याच्या पेटीत लुगड्याच्या घडीत ठेवायचं, कुणी देवाच्या तसबिरीमागे खोचायचं. पाहुणा आला की चहाच्या आधी फोटो निघायचा. पाहुणा गवंडी असो की तलाठी, तो दारात जाऊन फोटो उन्हावर धरायचा, एक डोळा मिटायचा आणि 'इकडे जरा काळं दिसतंय' असं सांगूनच चहाची बशी उचलायचा. रोग फोटोत पांढरा दिसतो, काळा नाही, हे त्याला सांगण्याच्या भानगडीत कुणी पडत नसे.

भाईदासला ही सगळी घरं आणि सगळ्या पेट्या पाठ होत्या. सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीची गोष्ट. जळगावात एका धर्मादाय संस्थेचा छातीचा दवाखाना होता, त्याचा तो फिरता आरोग्यसेवक. राहायला भडगावात. गिरणाकाठची गावं सायकलीवर करायचा, लांबची एस.टी.नं. क्षयाच्या पेशंटला गोळ्या पोचवायच्या, तो त्या गिळतो की नाही ते बघायचं आणि घरच्यांना चार शहाणपणाच्या गोष्टी सांगायच्या, हे त्याचं काम. राखेच्या डब्यात थुंका, खोकताना तोंडावर फडकं धरा, भांडं वेगळं ठेवा. आणि माणूस गेलाच, तर त्याचं अंथरूण, पांघरूण, कपडे, त्याचं म्हणून जे जे असेल ते गावाबाहेर नेऊन जाळा. हे शेवटचं तो फार ठासून सांगायचा. लोक तसंही मेलेल्याचं अंथरूण घरात ठेवत नसत. त्यामुळे बाकीच्या तीन गोष्टी या कानानं ऐकून त्या कानानं सोडल्या, तरी ही चौथी मात्र सगळे पाळायचे.

त्याची बायको प्रमिलाबाई याच रोगानं गेली. क्षयाच्या गोळ्या वाटणाऱ्याची बायको क्षयानं मेली, म्हणून गावाला चघळायला विषय मिळाला. गोळ्या घेतल्या नसतील, असं लोक म्हणाले. तिनं त्या सगळ्या घेतल्या होत्या. भाईदासनं स्वतःच्या हातानं दिल्या होत्या. तरी ती महिन्यामागून महिना खंगत गेली आणि शेवटी तिला उचलून उन्हात ठेवायला भाईदासला दुसऱ्या कुणाची गरज पडत नव्हती.

आईचं दुखणं काढलं ते कोकिळेनं. एकुलती एक पोर, दहावी पास, हसरी, जरा फटकळ. शिवणाच्या क्लासला जायची आणि बापाच्या सदऱ्याला चुकून बायकांच्या पोलक्याची बटणं लावून वर त्यालाच 'शोभतात' म्हणायची. आई गेल्यावर वर्षाच्या आत तिला खोकला लागला. भाईदासला तो खोकला ओळखायला डॉक्टरची गरज नव्हती. त्यानं दोन दिवस स्वतःला फसवलं आणि तिसऱ्या दिवशी तिला जळगावला नेलं.

गोळ्या सुरू झाल्या. आता मात्र भाईदास कुणावरच विश्वास ठेवणार नव्हता, देवावरही नाही. रोज सकाळी ओट्यावर तिला समोर बसवायचं, हातावर गोळ्या ठेवायच्या, पाणी द्यायचं, गिळल्या की तोंड उघडायला लावायचं, जीभ वर करायला लावायची. त्यातल्या एका गोळीनं लघवी लाल होते. एवढ्या मोठ्या पोरीला बापानं ते रोज विचारायचं म्हणजे दोघांनाही मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, पण तो विचारायचा आणि ती भिंतीकडे बघून हो म्हणायची. असे पाच महिने गेले. वजन वाढलं नाही, थुंकीतले जंतू गेले नाहीत, आणि नवा फोटो जुन्याहून वाईट निघाला.

जळगावच्या दवाखान्यात डॉक्टर भंगाळे होते. माणूस सरळ, कामाखाली वाकलेला. त्यांनी भाईदासला आत बोलावून खरं ते सांगितलं. काही जंतू या गोळ्यांना दाद देत नाहीत. अशांसाठी वरची औषधं आहेत, पण ती मुंबईच्या मोठ्या इस्पितळातून येतात आणि तिथले लोक सहजी देत नाहीत. थुंकी तपासायला पाठवावी, तर भडगावची थुंकी मुंबईला पोचेपर्यंत खानदेशच्या उन्हात तिचं मातेरं होत होतं. दोनदा पाठवली, दोनदा खराब झाली म्हणून कळवलं. मुंबईचं म्हणणं एकच होतं: तुमच्याकडची माणसं गोळ्या नीट घेत नाहीत आणि नाव औषधाला ठेवतात.

पण आता एक वाट निघाली होती. मुंबईचं इस्पितळ, जळगावचा दवाखाना आणि धुळ्याचा तसाच एक दवाखाना असे तिघं मिळून एक अभ्यास करणार होते. या गोळ्या घेतलेल्या पेशंटांचे आधीचे आणि नंतरचे फोटो गोळा करायचे, मुंबईला एकत्र बघायचे, त्यांच्या लहान नकला करून ठेवायच्या आणि मूळ फोटो परत करायचे. नाव-गाव खरवडून काढायचं, नुसता नंबर घालायचा, म्हणजे कुणाचं बिंग फुटायला नको. गोळ्या घेऊनही ज्यांचे फोटो सुधारले नाहीत असे पुरेसे सापडले, तर मुंबईवाल्यांना मानावंच लागेल, आणि मग वरची औषधं इकडे येतील. पहिलं नाव कोकिळेचं, असा शब्द डॉक्टरांनी दिला.

त्या दिवसापासून भाईदासच्या अंगात वारं शिरलं. उन्हाळा मी म्हणत होता, पण त्यानं एक घर सोडलं नाही. फोटो मिळणं सोपं नव्हतं. ज्याची पोर लग्नाची तो म्हणायचा, आमच्याकडे कधी असा रोग नव्हताच. कुणाला वाटायचं फोटो परत आला नाही तर आपलं आयुष्यच तिकडे राहील. हबीब पिंजाऱ्याची बायको हसीनाबी हिनं तर त्याला दारातच धरलं. तिची सून नसीम बरी होऊन वर्ष झालं होतं. बाईमाणसाच्या छातीचा फोटो मुंबईला जाणार आणि परके पुरुष तो दिव्यावर लावून बघणार, हे हसीनाबीला काही केल्या पटेना. भाईदासनं तिला समजावलं, की त्यात तोंड दिसत नाही, नाव राहत नाही, फासळ्या सगळ्यांच्या सारख्याच. शेवटी हबीबनंच उठून गादीखालून लखोटा काढून दिला. ज्या दुखण्यातून आपली सून वाचली त्यातून दुसऱ्याची पोर वाचत असेल तर नाही कसं म्हणायचं, असं तो म्हणाला. कोकिळेचं भाईदासनं तिथे कुणाला सांगितलं नव्हतं.

काही घरांतून तो रिकाम्या हातानं परतला. गिरणेपलीकडच्या एका वस्तीत झुलाल नावाचा पेशंट होता. भाईदास गेला तेव्हा झुलाल जाऊन चार महिने झाले होते. त्याची बायको भागाबाई अंगणात तूर पाखडत बसली होती. फोटोचं विचारल्यावर तिला नवलच वाटलं.

"फोटो कोठला, भाऊ? तुम्हीच सांगेल व्हतं ना, त्यासनं जे शे ते बठ्ठं जाळी टाका. मंग तो बी जाळी दिधा."

भाईदासनं तिला शाबासकी दिली. बरोबर केलं बाई, असंच करायचं असतं, असं म्हणून त्यानं यादीत 'फोटो मिळाला नाही' अशी खूण केली आणि सायकल पुढे काढली. अशी घरं आणखीही निघाली. प्रत्येक ठिकाणी त्यानं तशीच खूण केली, आणि जिथे सांगितल्याप्रमाणे सगळं जाळलेलं होतं तिथे त्याला बरंही वाटलं. आपलं कुणीतरी ऐकतं, याचं सुख आरोग्यसेवकाच्या वाट्याला फार कमी येतं.

फोटोंचा गठ्ठा धुळ्याला न्यायचा होता. तिथल्या दवाखान्यात दोन्ही जिल्ह्यांचे फोटो जमा व्हायचे आणि तिथून मुंबईला जायचे. एरंडोल, पारोळा करत एस.टी. धुळ्याला पोचेपर्यंत भाईदासनं गठ्ठा मांडीवरून खाली ठेवला नाही. तिकडचं काम अभिमन नावाचा त्याच्यासारखाच एक सेवक बघायचा. अभिमन ब्लेडनं नावं खरवडायचा, नंबर घालायचा आणि खिडकीत धरून एकेक बघायचा. त्याला कौतुक वाटत होतं, काय झकास बरे झालेत तुमच्याकडचे लोक म्हणून. धुळ्याकडचेही तसेच होते. स्वच्छ छात्या, काळ्याभोर, कुठे एखादा जुना व्रण. भाईदास प्रत्येक फोटो अभिमनच्या खांद्यावरून बघत होता आणि जन्मात पहिल्यांदा देवाकडे वाईट फोटो मागत होता. दुसऱ्याचं वाईट चिंतायची त्याला सवय नव्हती, त्यामुळे ते त्याला धड जमतही नव्हतं. गठ्ठ्यात खरोखर वाईट म्हणावा असा एकच निघाला, तो त्यानं स्वतः आणलेला कोकिळेचा. मुंबईच्या मोठ्या डोळ्यांना आणखी दिसतील, अशी त्यानं मनाची समजूत घातली आणि संध्याकाळची गाडी धरली.

दिवाळीनंतर डॉक्टर भंगाळ्यांनी त्याला बोलावलं. मुंबईचा निकाल आला होता आणि मुंबई खूश होती. जवळजवळ सगळे फोटो सुधारलेले. खानदेशासारख्या मुलखातही या गोळ्या कुणावर फुकट जात नाहीत, हे दोन जिल्ह्यांच्या फोटोंवरून सिद्ध झालं होतं. तेव्हा जो सुधारत नाही तो गोळ्या घेत नाही, आणि त्याला वरची औषधं देणं म्हणजे तीही वाया घालवणं, असं त्यांनी कळवलं होतं. एका नंबराचा फोटो तेवढा वाईट होता. त्यावर त्यांचा शेरा होता, पेशंटवर नीट लक्ष ठेवा.

भाईदास इतका वेळ उभा होता, तो खुर्चीवर बसला. निकाल चुकीचा आहे एवढंच त्याला कळत होतं, कुठे चुकला ते कळत नव्हतं. प्रमिला गेलेली त्यानं बघितली होती. झुलाल गेला होता. झुलालच्या तोंडात तर त्यानं आपल्या हातानं गोळ्या घातल्या होत्या. मग त्यांचे फोटो कुठे गेले? आणि हा प्रश्न मनात उमटताक्षणी त्याला भागाबाई दिसली, तूर पाखडताना, भाऊंनी सांगितलं तसंच केलं म्हणून खाली मान घालून सांगणारी. मग एकामागून एक ती सगळी घरं दिसली. सगळ्यात शेवटी त्याला आपलं घर दिसलं. प्रमिला गेल्याच्या तिसऱ्या दिवशी तिची वळकटी, उशी आणि उशीखालचा फोटोंचा लखोटा त्यानंच नदीकडेला नेऊन जाळला होता. तीन फोटो होते, आणि प्रत्येक फोटोत रोग वाढत गेलेला होता. कोकिळेसाठी मुंबईला नेमकं हेच दाखवायला हवं होतं. जगलेल्यांचे फोटो पेट्यांत राहिले आणि मेलेल्यांचे त्याच्या शब्दाखातर राख झाले. मुंबईनं बघितले ते सगळे जगलेल्यांचे.

त्यानं हे अडखळत, उलटसुलट करत डॉक्टरांना सांगितलं. भंगाळ्यांना ते अर्ध्यातच कळलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग त्यांनी मुंबईला ट्रंककॉल लावला. भाईदास दाराशी उभा राहून ऐकत होता. डॉक्टर आधी मोठ्यानं बोलले, मग हळू, मग नुसते हो हो म्हणत राहिले. तिकडच्यांनी उडवून लावलं नव्हतं. मुद्दा ध्यानात घेण्यासारखा आहे, म्हणाले. पण जळलेला फोटो कसा मोजणार? ती माणसं गोळ्या घेऊन मेली की सोडून मेली, हे कशावरून? एक तरी फोटो पाठवा, म्हणाले.

लघवीची लाली सांगावी, असं भाईदासनं सुचवलं. डॉक्टरांनी मान हलवली. लालीवरून त्या दिवसाची गोळी कळते, इतक्या महिन्यांची कळत नाही. पुढचं त्यांना बोलवत नव्हतं, पण बोलले.

"भाईदासभाऊ, राग मानू नका. तुमच्यासमोर गिळते, मला माहीत आहे. पण पोरी हुशार असतात. गालात धरतात, मागाहून ओकतात. एकदा खात्री करून घ्या."

भाईदासला राग आला नाही. आला असता तर बरं झालं असतं. राग येण्याऐवजी त्याला वाटलं, असं असेल तर? ती खरंच टाकत असेल, तर मग गोळ्या हरलेल्या नाहीत. मग अजून सगळं हातात आहे. भडगावपर्यंतच्या गाडीत तो हाच विचार करत आला, आणि पोरीनं आपल्याला फसवलेलं असू दे, असं बापानं देवाकडे मागावं इतकी त्याची दशा झाली.

दुसऱ्या दिवसापासून तो शोधू लागला. कोकिळा परसात गेली की तिची उशी चाचपायची, पेटीचा तळ बघायचा, न्हाणीच्या मोरीत काडी घालून ढवळायचं, तुळशीच्या कुंडीतली माती उकरायची. गोळ्या दिल्यावर पाठ फिरवायच्या ऐवजी तो तास तास समोर बसून राहायचा. सकाळी कामाला जायची घाई करणाऱ्या बापाला पोर ओळखत होती. हा नुसता तोंडाकडे बघत बसणारा बाप तिला नवा होता.  एक दिवस तो तिची गोधडी उलटी करत असताना ती दारात येऊन उभी राहिली. भाईदास गोधडी हातात धरून तसाच थिजला. कोकिळा पुढे आली, तिनं आपली उशी उचलली, खोळ काढली आणि झटकून दाखवली. मग ती खोळ पुन्हा घालून पडून राहिली. 

फटकळ पोरगी त्यानंतर गप्प झाली. तिला चालायला धाप लागायची, पण डोकं चालत होतं. आई कशी गेली ते तिनं बघितलं होतं आणि आपण त्याच वाटेवर कुठवर आलो आहोत, तेही तिला समजत होतं. बाप काय शोधतोय आणि सापडत नाही म्हणून त्याचा चेहरा रोज कसा पडतोय, हेही ती पडल्या पडल्या बघत होती.

संक्रांतीच्या सुमारास दोघं जळगावला गेले. डॉक्टरांनी नवा फोटो काढला, उजेडावर लावला आणि लगेच खाली उतरवला. भाईदासनं तो बघितला होताच. डॉक्टर कोकिळेला नेहमीचं विचारू लागले, भूक लागते का, ताप किती, गोळ्या वेळेवर ना? शेवटचा प्रश्न त्यांनी खाली मान घालूनच विचारला. कोकिळा स्टुलावर सरळ बसली. दवाखान्यात ती नेहमी शाळेतल्यासारखं बोलायची, तशीच बोलली.

"नाही डॉक्टर. मी गोळ्या घेत नव्हते. आबांसमोर गालात धरायचे आणि त्यांची पाठ वळली की फेकून द्यायचे."

डॉक्टरांनी भाईदासकडे बघितलं. भाईदासनं कोकिळेकडे बघितलं. ती बापाकडे अशी बघत होती, की आता तुमचा शब्द. तो म्हणू शकला असता, पोर खोटं बोलतेय. रोज जीभ वर करून बघितली होती. तास तास समोर बसला होता. सगळं घर उकरून झालं होतं आणि एक गोळी सापडली नव्हती. ही खोटं बोलतेय, कारण बापाला जे हवं होतं ते तिला दुसरीकडून कुठूनच आणता येत नव्हतं. त्यानं हे म्हटलं असतं, तर त्या खोलीत तिच्यासाठी एकही औषध उरलं नसतं, आणि हे तिघांनाही कळलं असतं.

भाईदास गप्प बसला.

डॉक्टरांच्या चेहऱ्यावरचं ओझं उतरलं. ते तिला चांगले रागावलेसुद्धा. एवढी शिकलेली मुलगी तू, म्हणाले. गोळ्या परत पहिल्यापासून सुरू करू, रोज घ्यायच्या, बघ कशी सुधारतेस. त्यांनी तिच्या कागदावर तसं लिहिलं आणि नवा फोटो भाईदासच्या हातात दिला. अभ्यास अजून पुढे चालू होता, नवे फोटो धुळ्याला पोचवायचे होते.

परतीच्या गाडीत कोकिळेनं बापाच्या खांद्यावर डोकं टेकलं. तिला दम लागला होता, तरी पाचोरा गेल्यावर तिनं विचारलं.

"आबा, आते रोज खासू. मंग बरी व्हसू ना?"

"व्हशी," भाईदास म्हणाला. ती हसली. कित्येक दिवसांत ती हसली नव्हती, आणि तिला हसताना बघून त्यालाही हसावं लागलं.

त्या आठवड्यात तो धुळ्याला गेला. गठ्ठ्यात या खेपेला तीनच फोटो होते. अभिमननं वरचा उचलला, खिडकीशी धरला आणि चुकचुकला. कोपऱ्यातलं नाव वाचून त्यानं ब्लेड खाली ठेवलं. मागच्या मोठ्या गठ्ठ्यात त्यानं हे नाव न वाचताच खरवडलं होतं, ही भाईदासची मुलगी हे त्याला आजच कळत होतं. गोळ्या घेऊनही असं कसं झालं, असं त्यानं दबक्या आवाजात विचारलं. मुंबईला सोबत काय कळवायचं ते त्याला लिहायचं होतं.

"घेत नव्हती," भाईदास म्हणाला. "फेकी देत व्हती. तिनी स्वतः कबूल करं."

अभिमननं तसं लिहिलं. मग नाव खरवडलं, नंबर घातला.

"आते गोळ्या लेस ना ती?"

"लेस. रोज लेस."

"मंग कसाले घोर करतस, भाऊ? व्हई जाई बरी."

एवढं ऐकायलाच भाईदास धुळ्याला आला होता.